पुढच्या मुक्कामाचा पत्ता

१

रोज सकाळी सात वाजता कमलाबाई मोटरहोममधल्या टीचभर आरशासमोर उभ्या राहून कुंकू लावत, आणि रोज सकाळी सात वाजता त्यांची सून रुपाली शेगडीकडे तोंड करून चहात साखर ढवळत राही. ढवळून ढवळून माणूस किती ढवळणार? पण वळून बघायची तिची छाती होत नव्हती. कमलाबाईंचे यजमान भानुदास नागपुरात वारले, त्याला तीन आठवडे झाले होते. रुपालीला ते ठाऊक होतं, तिच्या नवऱ्याला, शैलेंद्रला, ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते कमलाबाईंना.

झालं होतं ते असं. शैलेंद्र शिकागोजवळ शॉमबर्गला इंजिनियर. सत्त्याऐंशीच्या एप्रिलमध्ये त्यानं आईला सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. वडील म्हणाले, आधी ती येऊन जाऊ दे, मी पुढच्या वर्षी. मे महिन्यात कमलाबाईंच्या छातीत दुखलं, आठ दिवस हॉस्पिटलात काढले, आणि डॉक्टरांनी बजावलं की यांना कसलाही धक्का बसता कामा नये. जूनमध्ये एका सोमवारी शैलेंद्रच्या ऑफिसात धाकट्या भावाचा, नंदूचा, फोन आला. बाबा पहाटे झोपेतच गेले. नंदू रडत रडत म्हणाला, "मी इकडचं सगळं उरकतो दादा. तू आईला सांभाळ. तिला लगेच सांगू नको."

त्या 'लगेच'ला शैलेंद्र जो धरून बसला तो बसलाच. आज सांगू, उद्या सांगू. तेवढ्यात जुलै आला. मोटरहोम फेब्रुवारीतच बुक केलेलं होतं. शॉमबर्गहून निघून पार पश्चिम किनाऱ्याजवळच्या रेडमंडपर्यंत, गिरीश नावाच्या मित्राच्या घरी जायचं आणि वाटेत आईला अख्खी अमेरिका दाखवायची. कॅन्सल केलं तर आई विचारणार का केलं. म्हणून निघाले. परत आल्यावर सांगू, असं ठरलं.

याला माया म्हणा, भेकडपणा म्हणा. रुपालीच्या मते दोन्ही होतं, आणि त्यात आपणही सामील आहोत याची तिला भयंकर लाज वाटत होती. सासूच्या हातातला हिरवा चुडा नुसता किणकिणला तरी ती नजर दुसरीकडे वळवायची.

२

गाडी प्रशस्त होती. चालकाच्या डोक्यावर एक पलंग, तो आठ वर्षांच्या दीपानं बळकावलेला. मागे आजीचा बिछाना. मधलं जेवणाचं टेबल रात्री मोडलं की शैलेंद्र-रुपालीची झोपायची सोय. कमलाबाईंना भारी कौतुक. "चाकावरचं घर गं बाई," म्हणायच्या, आणि धावत्या गाडीत ठेचा कुटायला बसायच्या.

अडचण होती ती रविवारच्या फोनची. भानुदासांच्या घरी फोन नव्हता. खालच्या मजल्यावरच्या सीमाताईंकडे करायचा, त्या जिन्यातून हाक मारायच्या, मग हे दोन जिने उतरून यायचे. गेले दोन रविवार शैलेंद्र रिसीव्हर कानाला लावून उगाच हॅलो हॅलो करत होता आणि "लाइनच लागत नाही" म्हणून ठेवून देत होता. प्रवासातला पहिला रविवार साउथ डकोटातल्या एका कॅम्पग्राउंडवर आला. चहूकडे गवत, मध्ये पाण्याची निळी टाकी, आणि कपडे धुवायच्या खोलीबाहेर भिंतीला टांगलेला फोन. शैलेंद्रनं तिथेही तेच नाटक वठवलं.

संध्याकाळ व्हायला आली होती. कमलाबाई धुतलेले कपडे आणायला गेल्या आणि बऱ्याच वेळानं बादली घेऊन परत आल्या. चेहरा उजळलेला.

"बोलली मी यांच्याशी," त्या म्हणाल्या.

शैलेंद्रनं चहाचा कप खाली ठेवला. "कोणाशी, आई?"

"अरे कोणाशी म्हणजे? तुझ्या बाबांशी. मी तिथून येऊन राहिली होती, तर फोन वाजला. वाजला म्हणून उचलला. आवाज काय छान येऊन राहिला होता! आणि किती लवकर आले रे फोनवर. सीमानं हाक मारली की पहिले पाच मिनिटं लागत. आता जसे काही तिथंच उभे."

कमलाबाई कपड्यांच्या घड्या करायला लागल्या.

"पुढचा मुक्काम कुठे, विचारून राहिले होते," त्या म्हणाल्या. "मी दीपाकडून वाचून घेतलं होतं, ते सांगितलं. नीट पत्ता लिहून घेतला त्यांनी."

३

घाबरायचं नाही, असं रुपालीनं स्वतःला बजावलं. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या घरात ती वाढलीच नव्हती. आणि सासरे तर या बाबतीत तिच्या वडिलांच्या वरताण. भानुदासांनी चौतीस वर्षं रेल्वेच्या डाकगाडीत पत्रं निवडली, धावत्या डब्यात, उभ्यानं, बारा महिने गळ्याला मफलर गुंडाळून. वस्तीत कोणाच्या अंगात आलं की हे तिथे जाऊन वाद घालत. "भुतं असती," म्हणायचे, "तर चौतीस वर्षांत एकाच्या तरी नावाचं पत्र आलं असतं की माझ्या हाताखाली!" विहारातली माणसं पोट धरून हसत. बाबासाहेबांनी आपल्याला डोकं दिलंय, ते वापरा, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तेव्हा डोकं वापरायचं. कोणीतरी चुकीचा नंबर लावला असेल. आईंना इंग्लिश येत नाही, मनात नवऱ्याची आठवण, तीन आठवडे बोलणं नाही. समोरच्या हॅलोमधून त्यांनी हवं ते ऐकलं असेल. दुखण्यातून उठलेलं माणूस आहे. शैलेंद्रलाही हे पटलं. इतकं चटकन पटलं की रुपालीला त्याचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी पेट्रोल भरताना त्यानं आईला दीपाबरोबर दुकानात पाठवलं आणि ऑपरेटरकडून रात्रपाळीवरच्या नंदूचं ऑफिस लावून घेतलं. सीमाताईंकडून कोणी फोन केला होता का? परत येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"नंदू म्हणतो, कोण करणार? सीमाताईंच्या घराला कुलूप आहे. बाबा गेल्यापासून त्या लेकीकडे आहेत."

"मग आता तरी आईंना सांगा," रुपाली म्हणाली.

"अगं, सांगून काय, इथे रानात ॲम्ब्युलन्स कुठून आणू? परत गेल्यावर सांगतो म्हटलं ना."

मोटरहोम सुरू झालं. मागे कमलाबाई नातीला शेंगदाणे सोलून देत होत्या आणि दीपा "थॅंक यू, आजी" म्हणत एकेक तोंडात टाकत होती.

४

वायोमिंगला पोचले ते मंगळवारी, दुपारी चारला. उन्हानं डोळे दिपत होते. या कॅम्पग्राउंडवर फोन होता तो फाटकाजवळ, लाकडी खांबावर. रुपालीनं आल्या आल्या तो बघून ठेवला आणि सासूबाईंना त्या बाजूला फिरकू द्यायचं नाही असं ठरवलं. पण बटाटे चिरेपर्यंत कमलाबाई कुठे दिसेनात. रुपाली सुरी टाकून धावली.

कमलाबाई खांबाशी उभ्या होत्या. कानाला रिसीव्हर, डोक्यावर पदर, आणि हसत होत्या. नव्या नवरीसारख्या हसत होत्या, खरं सांगायचं तर. सुनेला बघून त्यांनी "ठेवते मग" म्हटलं आणि फोन ठेवला.

"परत वाजला का, आई?" रुपालीला आपलाच आवाज परका वाटला.

"वाजला नं. तू काहून घाबरून राहिली?" कमलाबाई तिच्याबरोबर चालू लागल्या. "हे म्हणतात, इकडं हवा लई सुटली. गवतच गवत आहे म्हणे, माणसाच्या कमरेइतकं. आणि पाण्याची टाकी आहे एक, निळी. तिच्या सावलीत बसून राहिले होते."

जुलैत नागपुरात पाऊस असतो. गवत आणि निळी टाकी त्यांनी कालच मागे सोडली होती.

आईंनीच मागच्या फोनला वर्णन केलं असेल, आता ते त्यांना बाबांच्या तोंडून ऐकू येतंय, असं तिनं मनाशी जुळवलं. जुळत होतं. डोकं वापरलं की सगळं जुळतं. इतक्यात दीपा मागून आली.

"मॉम, मी पण ट्राय केला तो फोन. इट डझन्ट वर्क."

"म्हणजे?"

"देअर्स नो साउंड. अँड द वायर इज कट. खालून. यू कॅन सी इट." आणि ती उड्या मारत गाडीकडे निघून गेली.

रुपाली वायर बघायला गेली नाही. गेली असती तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं. पण त्या वेळी तिनं सरळ जाऊन बटाटे फोडणीला टाकले.

५

सकाळी निघताना ती मागच्या खिडकीशी बसली होती. शैलेंद्रनं गाडी वळवली आणि ज्या जागेवर रात्र काढली ती जागा खिडकीत आली. प्रत्येक जागेवर असतं तसं एक लाकडी टेबल, दोन बाकं. बाकावर एक माणूस बसला होता.

त्याची पाठ तिच्याकडे होती. आत्तापर्यंत मोटरहोम जिथे उभं होतं त्या रिकाम्या जागेकडे बघत तो बसला होता. दोन्ही हात टेबलावर, समोर काहीतरी ठेवलेलं, आणि हात चालत होते. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक वर, एक खाली. पत्ते वाटतो म्हणावं तर समोर दुसरं कोणी नव्हतं. एवढ्या उन्हात त्याच्या गळ्याला मफलर होता.

तेवढ्यात झाडं आडवी आली.

रुपाली पुढे जाऊन नवऱ्याशेजारी बसली. काय पाहिलं ते तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आज सांगा. आज नाही सांगितलंत तर मी सांगेन."

शैलेंद्र रस्त्याकडे बघत राहिला. "मला जमत नाही गं," तो म्हणाला. "तिला सांगितलं की बाबा गेलेच. अजून ते... अजून मला वाटतं की नागपुरात आहेत."

तेव्हा कुठे रुपालीच्या ध्यानात आलं, की हा माणूस आईला सांभाळत नाहीये, स्वतःला सांभाळतोय. बापाला खांदा द्यायला जाता आलं नाही त्याला. रडायलाही मिळालं नाही, कारण रडला असता तर आईनं विचारलं असतं. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला, आणि तरीही म्हणाली, "सांगा."

६

गुरुवारी दुपारी मॉन्टानात रस्त्याकडेच्या एका विश्रांतीच्या जागी थांबले. एकही झाड नाही. डोंगर दूर, निळे. एक ट्रक उभा होता. पटांगणाच्या पलीकडच्या टोकाला काचेचा फोन-बूथ. रुपालीनं गाडी त्याच्याकडे पाठ करून लावायला लावली.

शैलेंद्र गाडीच्या पाण्याच्या टाकीत नळी सोडून उभा होता, दीपा त्याच्याभोवती. कमलाबाई आत पोळ्या लाटत होत्या. रुपाली त्यांच्यासमोर बसली आणि ऐनवेळी धीर सुटेल म्हणून एका दमात बोलून गेली.

"आई, बाबा गेले. जूनमध्येच गेले. आम्ही तुमच्यापासून लपवलं. चुकलो आम्ही."

कमलाबाईंचं लाटणं थांबलं नाही. पोळी पूर्ण लाटून, तव्यावर टाकून त्यांनी हात पुसले.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "पहिल्याच फोनला सांगितलं त्यांनी. कमला, मी गेलो बरं का, सोमवारी पहाटे. दुखलं नाही काही."

"मग तुम्ही... हे कुंकू..."

"शैलूसाठी. नसतं लावलं तर पोराला कळलं असतं की मला कळलं. एवढं जपून राहिला तो. म्हटलं, जपू दे." त्यांनी पोळी उलटली. त्यांचे डोळे आता भरून आले होते. "हे म्हणतात, तो सांगेपर्यंत तू थांब. त्यानं सांगितलं की निघ. म्हणून मी थांबून राहिली. नाही तर मला का इथं चार डोंगर पाहायचे होते?"

"मी सांगितलं ना आत्ता," रुपाली कशीबशी म्हणाली.

"तू सून आहेस बेटा. तू सांगितलेलं धरत नाहीत. त्यानं सांगायला पाहिजे."

आणि तेव्हा रुपालीला सगळं एकदम समजलं. गेले चार दिवस ती नवऱ्याच्या मागे लागली होती: सांगा, सांगा. ती उठली. आता त्याला गप्प करायचं, कसंही करून, रेडमंडपर्यंत, शॉमबर्गपर्यंत, जन्मभर लागलं तरी चालेल.

दार उघडलं आणि शैलेंद्रच वर चढून आला. डोळे लाल. ओले हात त्यानं पँटला पुसले आणि आईच्या पायाशी खालीच बसला.

"आई, एक सांगायचंय."

"आधी जेवून घ्या," रुपाली ओरडलीच जवळजवळ. "पोळ्या गार होतायत. नंतर बोला. अहो, ऐका माझं, नंतर."

"बोलू दे गं त्याला," कमलाबाई म्हणाल्या. "किती दिवस झाले पोराच्या पोटात ते."

"आई, बाबा गेले," शैलेंद्र म्हणाला, आणि आईच्या मांडीत डोकं खुपसून लहान मुलासारखा हमसाहमशी रडायला लागला.

कमलाबाई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. "रड बाळा. रडून घे," म्हणत होत्या. दुसऱ्या हातानं त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि कपाळ पुसून टाकलं. रुपालीनं शेगडी बंद केली, म्हणून ते नीट ऐकू आलं. पटांगणाच्या पलीकडे फोन वाजत होता.

७

तिनं सासूचा हात धरला होता, हे ती पुढे शपथेवर सांगत असे. दोन्ही हातांनी धरला होता. कमलाबाईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली, जशी झोपलेल्या पोराच्या मुठीतून आपण पदर सोडवतो तशी, आणि "दीपाला ऊन लागू देऊ नको" एवढंच म्हणाल्या. चालत गेल्या. धाप नाही, घाई नाही. रुपाली मागे का धावली नाही? कारण पायांत शैलेंद्र कोसळलेला होता, आणि कारण तिचं डोकं अजूनही तिला सांगत होतं की नुसता फोन तर आहे.

दोघं तिथे पोचले तोवर फार तर पाच मिनिटं झाली असतील. कमलाबाई बूथमध्ये खाली बसल्या होत्या, काचेला टेकून, पाय नीट पोटाशी घेऊन. चेहरा शांत होता. शैलेंद्रनं नाडी बघितली, छाती दाबली, तोंडानं श्वास दिला, आई आई म्हणून हाका मारल्या. ट्रकवाला आपल्या रेडिओवरून मदत मागायला धावला. कशाचाच उपयोग नव्हता, हे रुपालीला दिसत होतं.

रिसीव्हर लोंबकळत होता. तो जागेवर ठेवायचा म्हणून तिनं हातात घेतला आणि तिच्या कानावर बोलणं पडलं. दोन माणसं बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण सूर ओळखीचा होता. बाई काहीतरी विचारत होती, पुरुष खालच्या आवाजात समजावत होता, बाई पुन्हा विचारत होती. विचारताना तिचा आवाज कापत होता.

द्यावा की नाही नवऱ्याला? तिनं क्षणभर विचार केला. या माणसाला ना बापाचा निरोप घेता आला, ना आईचा. तिनं रिसीव्हर पुढे केला. शैलेंद्रनं तो घेतला आणि ती त्याच्या कानाशी कान लावून उभी राहिली.

"बाबा," तो म्हणाला. "आई. मी शैलू."

तिकडचं बोलणं थांबलं. फोन कट झाला नव्हता. दोघं होते, श्वास ऐकू येत होता. फक्त पोर खोलीत आल्यावर मोठी माणसं जशी गप्प होतात तशी ती गप्प झाली होती. पाठीमागे खूप लांबवर आणखीही काहीतरी होतं, पुष्कळ माणसांनी एकदम बोलावं तसं, आणि कोणीतरी हात ठेवून ते दाबल्यासारखं ते बंद झालं.

"आई, बरी आहेस ना गं तू?" शैलेंद्रनं विचारलं.

थोडा वेळ गेला. मग कमलाबाई बोलल्या. आवाज स्वच्छ होता, अगदी शेजारी उभं राहून बोलावं तसा.

"हो रे बाळा. इकडं सगळं ठीक आहे. तू काळजी नको करू."

शैलेंद्रनं डोळे मिटले. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं रुपालीला दिसलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल पडला. "ठीक आहे म्हणते," तो तिला म्हणाला. "ऐकलंस ना तू? ठीक आहे म्हणते."

रुपालीनं ऐकलं होतं. आईंच्या त्या आवाजातलं खोटं तिला पहिल्याच शब्दाला ओळखू आलं होतं. गेले तीन आठवडे तोच आवाज ती नवऱ्याच्या तोंडून ऐकत आली होती.

"हो," ती म्हणाली. "ठीक आहेत त्या." आणि त्याच्या हातातून रिसीव्हर घेऊन तिनं जागेवर ठेवला.